कातडीवरचा तिरपा उजेड

नमस्कार श्रोतेहो.

आज फोटोंविषयी बोलायचंय, आणि रेडिओवर फोटो दिसत नाही ही अडचण खरी. पण विषय असा आहे की त्याचा नमुना तुम्हा प्रत्येकाच्या अंगावरच आहे. घरी बसून ऐकत असाल तर डाव्या हाताचा पंजा खिडकीच्या नाहीतर दाराच्या उजेडात धरा. आधी तळहात सरळ उजेडाकडे करा. मोठ्या रेषा दिसतील, बाकी सगळं सपाट. आता हात हळूहळू फिरवत न्या, उजेड तळहाताला घासून पुढे जाईल इतका आडवा. एका जागी एकदम सगळं उठून येईल. बोटांच्या पेरांवरच्या बारीक वळ्या, अंगठ्याखालच्या उंचवट्यावरचं जाळं, कधीकाळी विळीवर कापलं होतं तिथली पांढरी खूण. गाडी चालवत ऐकत असाल तर कृपा करून हे घरी गेल्यावर करा.

आजच्या विषयाचा निम्मा भाग या आडव्या उजेडातच आहे. उजेड समोरून आला की प्रत्येक उंचवट्याची सावली त्याच्याच मागे लपते आणि कॅमेऱ्याला काहीच खडबडीत दिसत नाही. तोच उजेड कडेने आला की इवल्याशा उंचवट्यालाही सावली मिळते. बोटाच्या ठशातल्या दोन वळ्यांमध्ये अंतर असतं जेमतेम अर्धा मिलिमीटर. तेवढ्यात सुद्धा एक बाजू उजळ आणि एक काळोखी दिसते. मी हात, पाय, मान, पाठ यांचे फोटो काढते. चेहऱ्यांचे क्वचित. लोक विचारतात, बाई, याला फोटो म्हणायचं का? तर हो, आणि त्यामागे शंभरेक वर्षांची परंपरा आहे.

अमेरिकेत आल्फ्रेड स्टिगलिट्झ या छायाचित्रकाराने १९१७ पासून जॉर्जिया ओकीफ या चित्रकर्तीचे फोटो काढायला सुरुवात केली. पुढच्या वीस वर्षांत तीनशेहून जास्त काढले. त्यातले कितीतरी नुसत्या हातांचे आहेत. १९१९ सालच्या एका फोटोत तिच्या बोटात शिवणकामाचं अंगुस्तान आहे. एवढंच, दोन हात आणि एक अंगुस्तान. पण बोटांची ठेवण, सांध्यांवरच्या घड्या अशा टिपल्यात की चेहऱ्याची आठवणही होत नाही. त्याच्या मागोमाग एडवर्ड वेस्टन. त्याने १९३० मध्ये एका ढोबळ्या मिरचीचा फोटो काढला, पत्र्याच्या नरसाळ्यात ठेवून. त्या मिरचीत बघणाऱ्याला वाकलेली पाठ, पीळ पडलेले खांदे दिसायला लागतात. वेस्टनने उघड्या शरीराचेही पुष्कळ फोटो काढले. तो थोर होताच, पण माझं मन त्याच्या फोटोंत फार वेळ रमत नाही. त्याला आकार हवा असतो, वळण हवं असतं. ते अंग कुणाचं, त्याने काय सोसलं, हे तिथे कळत नाही.

मला जवळचा वाटतो तो जॉन कोपलान्स. जन्म १९२० चा, लंडनचा. आधी चित्रकार, मग अमेरिकेत कलाविषयक मासिकाचा संपादक, मग कलासंग्रहालयाचा संचालक. एवढं सगळं झाल्यावर, १९८४ मध्ये, साठी ओलांडल्यानंतर त्याने स्वतःच्याच अंगाचे फोटो काढायला घेतले. कृष्णधवल, खूप मोठे करून छापलेले. आणि डोकं एकाही फोटोत नाही. केसाळ पाठ, सुटलेलं पोट, गुडघ्यांवरची सैल कातडी, मिटलेल्या मुठी, पायाची बोटं. आपण म्हातारं अंग झाकतो, त्याची लाज वाटते. या माणसाने २००३ मध्ये मरेपर्यंत जवळजवळ वीस वर्षं तेच अंग बघण्याजोगं मानलं. डोकं का नाही, तर चेहरा दिसला की बघणारा लगेच ओळख शोधतो, वय शोधतो, माणूस चांगला की वाईट ते ठरवून टाकतो. चेहरा काढून घेतला की ती पाठ कुणाचीही होते, आपल्या आजोबांचीही.

हे सगळं परदेशी, असं वाटायचं कारण नाही. चित्रकार अमृता शेरगिल यांचे वडील उमरावसिंह शेरगिल आयुष्यभर स्वतःचे फोटो काढत राहिले. १९३० साली त्यांनी पंधरा दिवसांचा उपास केला आणि त्यानंतर उघड्या अंगाने कॅमेऱ्यासमोर उभे राहिले. उपासाने अंगावर काय केलं ते बघायचं आणि जपून ठेवायचं, एवढ्यासाठी.

आता आपल्या सोलापुरात येऊ. मला कायम वाटत आलंय की कातडीचे फोटो काढायला यापेक्षा योग्य गाव शोधून सापडणार नाही. एक तर ऊन. मे महिन्यात पारा चव्वेचाळीसला टेकतो, आणि हे ऊन आपल्या अंगावर वर्षानुवर्षं काम करत असतं. दुसरं म्हणजे हे गाव हाताने काम करणाऱ्यांचं आहे. यंत्रमागावर टॉवेल आणि चादरी काढणारे हात, विड्या वळणारे हात, ज्वारीची भाकरी थापणारे हात. ही कामं माणसाच्या अंगावर उमटतात. ती कुठे लिहून ठेवलेली नसतात, पगाराच्या पुस्तकातही नाहीत. अंगावर असतात आणि माणसाबरोबर जातात. त्याआधी कुणीतरी ती नीट, जवळून टिपून ठेवायला हवीत, म्हणून मी हे काम करते.

पूर्व भागातल्या एका अक्कांचं सांगते. लग्न होऊन आल्यापासून विड्या वळतात. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, बाजूला भिजवून मऊ केलेली तेंदूची पानं. त्या नेहमी उंबऱ्यापाशी बसतात, कारण दिवसा दिवा जाळायचा नाही आणि विडीचं तोंड मिटताना बोटाखाली दिसायला तर हवं. त्यामुळे सकाळी दाराचा उजेड त्यांच्या हातावर बरोब्बर कडेने पडतो. स्टुडिओत हजारो रुपयांचे दिवे लावून जो उजेड मिळवतात, तो त्या उंबऱ्यावर फुकट असतो. मी कॅमेरा काढला तर म्हणाल्या, "हाताचा काय फोटो काढतीस गं, तोंडाचा काढ की! नातीच्या लग्नात भिंतीवर लावायला तरी येईल." तोंडाचा काढला, तो त्यांना दिला, आणि मग हाताचा काढू दिला.

त्या फोटोत काय आहे ते सांगते. डाव्या अंगठ्याच्या पेरावर, जिथे पान दाबून फिरवतात तिथे, डाळीएवढा भाग गुळगुळीत झालाय. सगळ्या बाजूंनी ठशाच्या वळ्या येतात आणि त्याच्या काठावर थांबतात. मधे नुसती चमक. तर्जनीच्या नखाच्या दोन्ही कडांना तंबाखूचा तपकिरी रंग खोल गेलाय, तो साबणाने जात नाही. उजव्या अंगठ्याच्या बुडाशी, कात्रीची कडी टेकते तिथे, पिवळसर जाड घट्टा. फर्म्यावर ठेवून पान कापायचं, पुन्हा ठेवायचं, पुन्हा कापायचं, दिवसभर. घट्टा म्हणजे कातडीने स्वतःसाठी केलेली तटबंदी आहे. एकाच जागी दाब पडत राहिला, घासत राहिलं की वरचा मेलेल्या पेशींचा थर जाड होत जातो.

अक्का म्हणाल्या, "रेशनला माझा अंगठा लागत नाही बघ. मशीन नाही म्हणतंय. मुलीच्या बाळंतपणात महिनाभर विड्या बंद होत्या, तेव्हा लागला होता." हे अगदी खरं आहे, आणि त्याला शास्त्र आहे. कातडीचा वरचा थर साधारण महिन्याभरात नवा होतो. ठशाचा मूळ साचा त्याच्या खालच्या थरात असतो. वरचं झिजलं तरी खालचं शाबूत असतं, म्हणून हाताला उसंत मिळाली की वळ्या परत उमटतात. त्या फोटोत मला अक्कांची सगळी वर्षं दिसतात. यंत्राला तिथे फक्त न जुळणारा अंगठा दिसतो. दोघांसमोर बोट एकच आहे.

आणखी एक गोष्ट घरच्या घरी बघता येईल. उन्हात काम केलेल्या कुणाही वयस्क माणसाला हात वर करायला सांगा आणि दंडाची आतली बाजू बघा. मग मनगटाच्या वरची, बाहेरची बाजू बघा. दोन्ही कातड्यांचं वय एकच आहे. आतली मऊ, उजळ, जवळजवळ बिनसुरकुतीची. बाहेरची करकरीत, डागाळलेली, बारीक चौकटी पडलेली. ज्याला आपण म्हातारपण म्हणतो त्यातला बराचसा भाग उन्हाचा असतो. उन्हातले अतिनील किरण कातडीच्या आतले आधाराचे तंतू तोडत राहतात. मी या दोन बाजूंचे फोटो शेजारी शेजारी ठेवते. बघणाऱ्यांना पटत नाही की माणूस एकच आहे.

आता रंगाविषयी, आणि इथे मला जरा सविस्तर बोलायचंय. आपल्याकडे फोटो काढून झाला की पहिलं वाक्य येतं, थोडं गोरं करून द्या. पूर्वी स्टुडिओत काचेवर निगेटिव्ह ठेवून पेन्सिलीने सुरकुत्या भरायचे. आता ते काम मोबाइल न विचारता करतो. बऱ्याच फोनचा पुढचा कॅमेरा चेहरा दिसला की कातडी गुळगुळीत करून टाकतो. यात फक्त हौस असती तर मी बोलले नसते. पण कॅमेरा आणि फिल्म या गोष्टीच मुळात गोऱ्या कातडीला धरून घडल्या. अगदी सुरुवातीला फिल्मऐवजी काचेवर फोटो घ्यायचे, त्या काचांना निळाच रंग नीट कळायचा, तांबडा कळायचा नाही. त्यामुळे आपली तांबूस-सावळी कातडी होती त्याहून कितीतरी काळी यायची. पुढे रंगीत फिल्म आली. तिच्या छपाईचा मेळ घालायला कोडॅक कंपनी प्रयोगशाळांना एक नमुना फोटो पाठवायची, आणि त्यात गोरी बाई असायची. शर्ली कार्ड म्हणायचे त्याला. ती गोरी बाई बरोबर दिसली की छपाई बरोबर. सावळा माणूस कसा दिसतो हे कुणी बघितलंच नाही. बदल व्हायला लागला तो लाकडी फर्निचरवाल्यांनी आणि चॉकलेटवाल्यांनी तक्रार केल्यावर, की आमच्या मालातल्या तपकिरी छटा फोटोत वेगवेगळ्या दिसत नाहीत. माणसांसाठी जे झालं नाही ते चॉकलेटसाठी झालं, याचं मला आजही फार वाईट वाटतं.

आणि रंगाचं मूळ तरी किती साधं आहे. रंग तयार करणाऱ्या पेशी गोऱ्या आणि काळ्या माणसाच्या कातडीत जवळपास सारख्याच संख्येने असतात. त्या मेलॅनिन नावाचं रंगद्रव्य किती आणि कोणत्या प्रकारचं तयार करतात, तेवढाच फरक.

सावळ्या कातडीचा फोटो कसा काढायचा, तर सगळ्यात आधी कॅमेऱ्याचं ऐकायचं नाही. कॅमेऱ्यातला प्रकाशमापक समोर काहीही असलं तरी त्याचा मधला राखाडी करायला बघतो. गडद हात चौकटभर घेतला की तो उगाच जास्त प्रकाश घेतो आणि हात फिका, मातकट होतो. तेव्हा मोबाइलवर हातावर बोट टेकवून ती उजेडाची पट्टी थोडी खाली ओढा. गडद कातडीचं सौंदर्य तिच्या चमकेत असतं, हे माझं ठाम मत आहे. उजळ कातडीत उजेड आत शिरतो, पसरतो आणि मऊ होऊन बाहेर येतो. गडद कातडी आत गेलेला बराचसा उजेड ठेवून घेते. मग पृष्ठभागावरून परतलेला उजेड उठून दिसतो आणि प्रत्येक वळीवर एक बारीक कड उमटते. यासाठी उजेडाचा स्रोत मोठा हवा. उघडं दार, चुन्याने रंगवलेली समोरची भिंत. छोटा, बोचरा दिवा घेतला तर चमकेचे पांढरे ठिपके पडतात, बाकी काळोख.

थंडीत आपल्याकडे हातपाय पांढरट पडतात, उकलतात. वरच्या थराचे बारीक पापुद्रे सुटतात, त्यांवर उजेड विखुरतो, म्हणून ते पांढरं. खोबरेल तेल लावलं की तेल त्या फटींत भरतं आणि कातडी गडद दिसते. ओलं फडकं कोरड्यापेक्षा गडद दिसतं, तसंच. काही छायाचित्रकार फोटोआधी मुद्दाम तेल लावायला सांगतात. मी सांगत नाही. ज्या हंगामातली कातडी आहे त्या हंगामातली दिसू दे. तळहात आणि तळपाय मात्र वेगळे. तिथे तेलाच्या ग्रंथीच नसतात, केसही नसतात. तिथे जी ओल दिसते ती फक्त घामाची. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेत सिद्धरामेश्वरांचे सात नंदीध्वज निघतात तेव्हा सगळ्यांचे कॅमेरे वर असतात, ध्वजाच्या टोकाकडे. मी तो पेलणाऱ्याचे तळवे बघत असते. थंडीच्या दिवसांतही ते घामाने चमकत असतात, आणि वरती पांढऱ्या बाराबंदीची बाही.

गोंदणाचंही सांगायला हवं, कारण ते आपल्या डोळ्यांदेखत संपत चाललंय. साठी-सत्तरीपुढच्या बायकांच्या हातावर तुळस, ठिपके, नवऱ्याचं नाहीतर भावाचं नाव असतं. गोंदताना काळं घातलेलं असतं, दिसतं हिरवट-निळं. ते काळे कण कातडीच्या दुसऱ्या थरात असतात आणि वरचा थर निळा उजेड जास्त विखुरतो, म्हणून. वर्षं गेली की कण थोडे थोडे सरकतात, रेघा जाड होतात, अक्षरं एकमेकांत मिसळतात. कितीतरी आज्यांच्या हातावरचं नाव आता वाचता येत नाही. इथे कृष्णधवल फोटो कामाला येतो. रंगीत फोटो काढून तो कृष्णधवल करताना तांबड्या रंगाची पट्टी वाढवा. तांबूस-तपकिरी कातडी उजळते, हिरवट-निळं गोंदण गडद होतं आणि डोळ्यांना न दिसलेली रेघ फोटोत सापडते. एका आजींच्या हातावर मला असं त्यांच्या माहेरच्या गावाचं अर्धं नाव सापडलं. उरलेलं अर्धं त्यांनी हसत हसत सांगितलं.

पण असा फोटो मी कुठेही लावत नाही, इंटरनेटवर तर नाहीच. चेहरा नाही म्हणजे ओळख नाही, असं समजू नये. गोंदण, व्रण, तीळ यांवरून गल्लीतला माणूस लगेच ओळखू येतो. अंगाचा फोटो म्हटलं की आपल्याकडे लोक दचकतात, आणि हल्ली कुणाचा फोटो कुठे जाईल याचा नेम नसल्यामुळे ते दचकणं रास्तच आहे. विशेषतः बायकांचं. म्हणून आधी विचारायचं, काय काढणार ते सांगायचं, काढल्यावर दाखवायचं आणि नको म्हणाल्या तर त्यांच्यासमोर पुसून टाकायचं. एकदा दिलेली परवानगी दुसऱ्या दिवशी लागू होत नाही, पुन्हा विचारायचं. आणि कष्टाच्या हातांचे फोटो गरिबीचं प्रदर्शन म्हणून मांडणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. त्या घट्ट्यामागे कसब आहे. यंत्रमागावरच्या माणसाचा धागा तुटला की ज्या सहजतेने तो दोन बोटांत गाठ मारतो, ती सहजता त्या बोटांच्या टोकावर दिसते. फोटोत दिसायची असेल तर आधी ती काढणाऱ्याला दिसावी लागते.

तुमच्यापैकी कुणाला हे करून बघायचं असेल तर महागड्या कॅमेऱ्यासाठी थांबू नका. सकाळी आठ-नऊच्या सुमाराला, दाराशी, फ्लॅश बंद करून. फोनमधला चेहरा उजळवणारा पर्याय बंद करा. फार जवळ जाऊ नका, फोनला एका मर्यादेपुढे स्पष्ट दिसत नाही. वीतभर अंतरावरून काढा आणि नंतर कापून घ्या. मोठा कॅमेरा असेल तर लक्षात ठेवा, इतक्या जवळून काही मिलिमीटरच स्पष्ट येतात. तेव्हा भिंगाचं छिद्र, म्हणजे ॲपर्चर, थोडं मिटवा, आठ किंवा अकरा आकड्यावर ठेवा, आणि हात कशावर तरी टेकवायला सांगा. म्हातारा हात थरथरतो, त्याला आधार लागतो. आपला हातही टेकवा.

सुरुवात घरापासून करा. आई-वडील, आजी-आजोबा, नाहीतर मागावर बसून निवृत्त झालेले शेजारचे काका. काढता काढता विचारत जा, हा व्रण कशाचा, हे बोट वाकडं कशाने झालं. मी विचारते तेव्हा माणसं बोलायला लागतात. मागाच्या धोट्याने लागलेलं, बंब पेटवताना भाजलेलं, चाळीस वर्षांपूर्वीचं सगळं सांगतात. ऐकलेलं लगेच लिहून ठेवा. छापताना मॅट कागद मागा. चकचकीत कागदावर कातडीची चमक आणि कागदाची चमक एकमेकांत मिसळतात आणि बारकावे जातात. मागच्या बाजूला मऊ पेन्सिलीने नाव, तारीख आणि या हातांनी कोणतं काम केलं ते लिहा. पेनची शाई पुढे उतरते. आणि पहिली प्रत ज्यांचा हात आहे त्यांना द्या.

नमस्कार.